संगीताच्या त्रैमासिकासाठी रंग कोणते घ्यावेत? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा एक छोटा गट आहे. कुणी गाणं शिकतंय, कुणी शिकवतंय, दोघंजण मिरजेत वाद्यांच्या धंद्यात आहेत. येत्या दसऱ्यापासून संगीताला वाहिलेलं एक त्रैमासिक सुरू करायचं ठरलंय. ४८ पानं, ५०० प्रती, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला पीडीएफ. मजकूर बराचसा हाताशी आलाय. ख्याल आणि नाट्यसंगीत तर आहेच, पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांच्या मुलाखती, भजनी मंडळं, धनगरी ओव्या आणि कॉलेजातल्या पोरांचे बँडही घ्यायचेत. दर अंकात एका बंदिशीचं नोटेशन.

गाडी अडलीय ती रंगांपाशी. गटात तीन मतं आहेत. ज्येष्ठ म्हणतात मरून आणि सोनेरी. मधल्या वयाचे म्हणतात हळदीचा पिवळा आणि काळा, कारण अंक सांगलीचा. आणि आमच्यातली एक मुलगी ग्राफिक डिझाइन शिकतेय, तिला गडद निळा आणि राखाडी हवाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मला मरून-सोनेरी नको. मानपत्र, लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, सगळं त्याच रंगात निघतं. अंक हातात घ्यायच्या आधीच माणसाला वाटतं की आत भाषण आहे. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, त्याच्या जागी काय ते ठरवायला हवं.

खर्चाचं गणित असं: कव्हर चार रंगांत (आकाशी सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा, या चार शायांच्या मिश्रणातून सगळे रंग) परवडतंय. आतली पानं एका रंगात, फार ओढाताण केली तर दोन. कागद आत साधा, चकाकी नसलेला मॅपलिथो. छपाईतले, चित्रकलेतले, गाण्यातले, सगळ्यांनी बोला.

तरफ

हळद. सांगलीचा अंक म्हटल्यावर दुसरा रंग शोधायचाच कशाला?

सातारी_कंदी

हाच अंक साताऱ्यातून निघाला असता तर रंगांचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरात कासला जायचं, तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा उचलायचा, संपलं. सांगलीकरांनी हवे असतील तर उसने घ्या, परत मागणार नाही :)

तरफ

@सातारी_कंदी, तुमची फुलं दोन महिन्यांत जातात. आमची हळद वर्षभर टिकते.

बैठकीतला_लोड

मरूनला इतकी नावं ठेवू नका हो. त्या रंगाला कारण आहे. संगीत नाटकाचा मखमली पडदा त्या रंगाचा, बैठकीतलं जाजम त्या रंगाचं. ज्यानं विष्णुदास भावे नाट्यमंदिरात पडदा वर जायची वाट बघितलीय, त्याच्या डोळ्यांत तो रंग बसलेलाच आहे. सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' झालं, तेव्हापासून ही रंगभूमीची गादी आहे. गादीचा रंग सोडून द्यायचा म्हणजे ओळखच सोडायची. पतसंस्थांनी तो रंग वापरला हा पतसंस्थांचा दोष, रंगाचा नव्हे.

सोनेरीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा. खरा सोनेरी हवा तर वेगळी धातूची शाई किंवा फॉइल लागतं. चार रंगांतून काढलेला सोनेरी हा मातकट पिवळा असतो.

खर्जातला_गिटारवाला

मी सांगलीचाच, वय २३, बँडमध्ये गिटार वाजवतो. अंकात आम्हाला घेताय, छान वाटलं. पण खरं सांगतो, मरून कव्हरचा अंक कॉलेजच्या लायब्ररीत पडलेला दिसला तर मी उचलणार नाही. रंगाचा राग नाहीये. तो रंग सांगतो की हे तुझ्यासाठी नाही, हे ज्यांना आधीच कळतं त्यांच्यासाठी आहे. मला ख्याल ऐकायला आवडतो, माझ्यासारखी आणखी बरीच पोरं आहेत, पण आम्हाला दारातूनच परत पाठवू नका.

माझी निवड: काळा आणि भडक गुलाबी. फ्लोरोसंट.

बैठकीतला_लोड

@खर्जातला_गिटारवाला, तुझ्या म्हणण्यावर विचार करतो आहे. गुलाबीवर नाही, बाकीच्यावर.

शाईवाला

या धंद्यात वाढलोय म्हणून सविस्तर लिहितो. रंग कोणता हे शेवटी ठरवा. आधी कागद, मग अक्षर, मग रंग. आपल्याकडे सगळे उलटीकडून सुरू करतात. स्क्रीनवर रंग निवडतात, मग तो कागदावर आला नाही की प्रेसवाल्याशी भांडतात.

मॅपलिथो शाई पितो. जो ठिपका छपाईच्या प्लेटवर (दर शाईला एक प्लेट) बारीक असतो तो कागदावर पसरून जाडा होतो. त्यामुळे आर्ट पेपरवर झगझगीत दिसणारा रंग मॅपलिथोवर एक पायरी काळवंडतो. गडद निळा जवळजवळ काळाच दिसायला लागतो. शिवाय निळ्याची वेगळी गंमत. सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर टाकले की तो निळा राहत नाही, जांभळा होतो. निळा हवा तर मॅजेंटा सायनपेक्षा चांगला तीसेक टक्क्यांनी कमी ठेवा. तुमच्या डिझाइनच्या मुलीला हे नक्की सांगा, कारण स्क्रीनवर हा फरक दिसत नाही.

गिटारवाल्या दादासाठी: फ्लोरोसंट गुलाबी चार रंगांतून येत नाही. त्याची शाई वेगळी घ्यावी लागते, म्हणजे पाचवी प्लेट. स्क्रीन उजेड फेकते, कागद फेकत नाही, त्यामुळे मोबाइलवरचा तो रंग कव्हरवर साधा राणी होऊन उतरेल.

आता अक्षर. देवनागरीत वेलांट्या, रफार, अनुस्वार सगळे बारीक. काळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं फार छान दिसतात असं वाटतं, पण शाई चारी बाजूंनी आत सरकते आणि अनुस्वार बुजतात. पांढरी अक्षरं हवीतच तर जाड वळणाची आणि मोठी घ्या, आणि मथळ्यापुरतीच. दुसरं, बारीक मजकूर कधीही तीन-चार रंगांच्या मिश्रणात छापू नका. प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक अक्षराला लाल-निळी कड येते. मजकूर एकट्या काळ्यात.

आतल्या पानांना दोन रंग परवडत असतील तर दुसरा रंग तयार शाईचा घ्या, म्हणजे आधीच कालवून घेतलेल्या एकाच शाईचा; चार शायांच्या ठिपक्यांतून जुळवलेला नको. दोन प्लेटांत काम होतं आणि रंग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखा येतो. मग तो एक रंग कोणता, एवढाच प्रश्न उरतो.

तरफ

म्हणजे हळदच. काळा आणि हळद, दोन शाया. आम्ही आधीच सांगितलं होतं.

शाईवाला

@तरफ, पांढऱ्या कागदावर पिवळ्या अक्षरात मथळा छापून चार फुटांवरून वाचून दाखवा, पुढच्या अंकाची छपाई माझ्याकडून. पिवळा हा अक्षराचा रंग नाहीच, तो जमिनीचा रंग आहे. त्याच्यावर काळं अक्षर ठेवलं तर लांबूनही वाचता येतं. पण तुमच्याकडे आत एकच जादा शाई आहे, आणि तिच्यात मथळे, आडव्या रेघा, चौकटी सगळं बसवायचंय. पिवळ्याकडून ते होणार नाही.

सह्याद्रीची_सावली

वाखुसा (वाचनखूण साठवली). @शाईवाला, हे सगळं एका वेगळ्या लेखात येऊ द्या.

श्रुतिस्मृती

गाण्याच्या बाजूनं थोडं. आपल्या ग्रंथकारांनी रंगांचा विचार आधीच केलाय. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांना रंग दिलेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कबुतराच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त तर स्वरांचेच रंग येतात. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोन्याचा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा, निषाद मिश्र रंगाचा.

यावरून माझी सूचना: विभागांना रंग द्या. मुलाखतींना गांधाराचा, इतिहासाला षड्जाचा, असं. अंकाला आतून शास्त्राचा आधार मिळेल.

खर्जातला_गिटारवाला

पंचम काळा! मला कायम पंचम सगळ्यात उजळ वाटत आलाय. तानपुऱ्यात पहिली तार तीच वाजते.

श्रुतिस्मृती

@खर्जातला_गिटारवाला, वाटणारच. सात रंगांना सात स्वर जोडायचा मोह न्यूटनलाही झाला होता. १९१० साली स्क्रियाबिन या रशियन संगीतकारानं तर 'प्रोमेथियस' या रचनेत रंगांच्या उजेडासाठी वेगळी ओळच लिहून ठेवली. आणि यातल्या कुणाचंही दुसऱ्याशी पटत नाही. म्हणून मी खरा स्वराचा रंग कोणता हे सांगत नाहीये, आपल्या परंपरेतला एक आधार सांगतोय.

कोमल_गांधार

मी पंचवीस-तीस मुलांना शिकवते, म्हणून नोटेशनच्या पानाबद्दल बोलते. कृपा करून त्या पानाखाली कुठलाही रंग घालू नका. फिकासुद्धा नको.

कारण बघा. फिका रंग म्हणजे शाई पातळ केलेली नसते, तो बारीक ठिपक्यांचा जाळीदार पट्टा असतो. भिंग लावून कुठलीही छापील पत्रिका बघा, ठिपके दिसतील. आणि आपलं नोटेशन उभं आहे टिंबांवर. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब आलं की तार म्हणजे वरचं सप्तक, पायाशी आलं की मंद्र म्हणजे खालचं. खाली आडवी रेघ असली तर कोमल. पलुस्कर पद्धतीत मंद्राचं टिंब डोक्यावर येतं. म्हणजे एक टिंब बुजलं किंवा जाळीतला एक ठिपका जाड होऊन स्वराला चिकटला तरी सप्तक बदलतं. अशा पानावरून घरी बसवून आलेली मुलगी वर्गात आत्मविश्वासानं चुकीचं गाते आणि तिचा बिचारीचा काही दोष नसतो. विभागांना सात रंग देण्याची कल्पना चांगली असेल, पण नोटेशन काळं, कागद पांढरा, मध्ये काही नको.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकून १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं छापील पानावर आणण्यासाठी आयुष्यभर खपले. त्यांच्या मुलखातल्या अंकात निदान टिंबं तरी जागेवर असावीत.

शाईवाला

कोमल_गांधार ताई, शंभर टक्के. मॅपलिथोवर तर ते ठिपके आणखी सुजतात.

बैठकीतला_लोड

+१

माणदेशी_हलगी

हळदीला नुसतं शेतमाल म्हणून बघू नका. आरेवाडीच्या बिरोबाला भंडारा उधळतात तो हळदीचाच. गजीनृत्य सुरू होतं, ढोल घुमतो, ओवी गाणाऱ्याच्या कपाळापासून धोतरापर्यंत पिवळं झालेलं असतं. अंकात धनगरी ओव्या घेणार म्हणताय, तर आमच्या गाण्याचा रंग तोच आहे. मरून पडदा आमच्याकडं कधी आला नाही. आम्ही उघड्या माळावर गातो.

कव्हर पिवळं ठेवलं तर आटपाडी-जतकडचा माणूस म्हणेल, यात आपलंबी कायतरी हाय.

कृष्णाकाठ

@माणदेशी_हलगी, हे मनापासून पटलं. हळदीचा विचार आम्ही फक्त बाजार समिती आणि हरिपूरच्या पेवांपुरताच (हळद साठवायची जमिनीतली कोठारं) केला होता.

दक्षिणद्वार

एक विषय कुणी काढत नाहीये, मी काढतो. आपल्याकडे रंगांना झेंडे चिकटलेत. भगवा, हिरवा, निळा, यातला कुठलाही एकटा मोठ्ठा घेतला की लोक पान उघडायच्या आधी अंक कुणाचा ते ठरवून मोकळे होतात. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, उरुसात तिथं गाण्याची हजेरी लागते, आणि त्याच गावात नवरात्रात अंबाबाईपुढं गाणं होतं. ऐकणारे बरेचदा तेच असतात. या गावच्या संगीताच्या अंकाचा रंग असा हवा की दोन्हीकडं तो घेऊन जाताना कुणाच्या कपाळाला आठी पडू नये.

पिवळ्यात भंडारा आहे हे खरं, पण हळद लग्नघरात, स्वयंपाकघरात सगळ्यांकडंच असते. त्या दृष्टीनं मला पिवळा चालतो. फक्त तो नारिंगीकडं झुकू देऊ नका.

तरफ

अगदी हेच. दोनदा वाचलं.

जवारी

माझ्या आजोळी तानपुरे बनतात. रंग शोधायला इतकं लांब कशाला जायचं, आमच्या गल्लीत या.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे फोटो आले, पण फोटोत पॉलिशचा रंग येत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळून येतो तेव्हा तो फिकट, धुरकट पिवळा असतो. त्याला तुणीच्या लाकडाची दांडी बसते. मग लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं हात द्यायचे. एक हात, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात. पहिल्या काही हातांत रंग मधासारखा, मग तांबूस, मग पिकल्या चिंचेकडं जातो. उजेडात धरला तर आतून लाल चमकतो, सावलीत धरला तर तपकिरी. खाँसाहेबांच्या किराणा घराण्याचा माणूस असो, ग्वाल्हेरचा असो, भजनी मंडळ असो, मांडीवर किंवा खांद्याशी येणारं लाकूड याच रंगाचं.

हा रंग मरूनच्या जवळ आहे, त्यामुळं लोडकाका नाराज होणार नाहीत. पण मरून नाही, पतसंस्था आठवत नाही. आणि अक्षराला चालेल एवढा गडद आहे, शाईवाले सांगतील.

बैठकीतला_लोड

लोडकाका खूश आहेत.

शाईवाला

चालेल, उत्तम चालेल. तांबूस तपकिरी तयार शाई मॅपलिथोवर छान बसते, आणि काळ्यापासून वेगळी ओळखू येते. फक्त फार गडद करू नका, नाहीतर मजकुराचा काळा आणि मथळ्याचा तपकिरी यांत फरक राहत नाही. एक सोपी परीक्षा सांगतो. नमुना पान साध्या झेरॉक्सवर काळं-पांढरं काढा. मथळा आणि मजकूर दोन वेगळ्या छटांत दिसले तर पास. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही मग पान नीट दिसतं, कारण फरक नुसत्या रंगाचा राहत नाही, फिक्या-गडदचा होतो.

सातारी_कंदी

तांबूस तपकिरी, कडेला जरा करपलेला... हा तर आमच्या कंदी पेढ्याचा रंग! सातारा जिंकला.

जवारी

@सातारी_कंदी, पहिल्या अंकाच्या प्रकाशनाला पेढे तुमच्याकडून.

चंदेरी_पडदा

अवांतर: @जवारी, हल्ली काही ठिकाणी तानपुऱ्याला चकचकीत मेलामाइन पॉलिश मारतात. त्यानं नादात फरक पडतो का?

जवारी

@चंदेरी_पडदा, आमच्याकडं म्हणतात की तबलीवर (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर) जाड थर नको, तबली मोकळी थरथरली पाहिजे. नादाचं मोठं काम घोडीवरच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरच्या) जवारीत आहे. पृष्ठभाग किती घासायचा, तारेखालचं सूत कुठं धरायचं, तिथं. पण चपड्याचं एक आहे, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो. मेलामाइन सगळं काढावं लागतं. वेगळा धागा काढा, मामांना विचारून लिहितो.

मावळतीचा_मारवा

मूळ प्रश्नाकडे येऊ. एकच रंग कायमचा का? अंक त्रैमासिक आहे. पावसाळी अंक मल्हाराचा, त्याला हिरवा. वसंताच्या अंकाला बसंत-बहार, त्याला पिवळा. हिवाळ्यात निळा. काळा कायम, सोबतचा रंग ऋतूप्रमाणे. वर्षाचे चार अंक शेजारी ठेवले की काय सुंदर दिसतील!

श्रुतिस्मृती

ही कल्पना माझ्या कल्पनेपेक्षा चांगली आहे. रागांना काळ असतो हे वाचकाला काही न सांगता कळेल.

रेकॉर्डवेडा

@मावळतीचा_मारवा, मला नाही पटत, निदान पहिल्या वर्षी तरी. दुकानाच्या कट्ट्यावर पन्नास अंकांत आपला लांबून ओळखू यायला हवा. तबकड्यांच्या ढिगात हात घातला की डॉइश ग्रामोफोन या जर्मन कंपनीची ती पिवळी पट्टी न वाचता कळते. जर्मन येत नसलेल्या माणसालाही. अनेक वर्षं एकच पिवळा, म्हणून.

आणि थोड्या रंगात काम कसं करावं याचा धडा हवा असेल तर ब्लू नोट या जॅझ कंपनीची कव्हरं बघा. रीड माइल्स नावाच्या डिझाइनरनं साधारण दहा-अकरा वर्षांत शेकडो केली. फ्रान्सिस वुल्फनं काढलेला काळा-पांढरा फोटो, कितीदा त्याच्यावर एकाच रंगाचा थर, आणि अक्षरांची मोठी मांडणी. बस्स. पैसे कमी होते म्हणून रंग कमी होते, आणि आज सगळं जग त्याची नक्कल करतं. आपल्याकडेही गायकाचा एक चांगला काळा-पांढरा फोटो, आ केलेला, हात वर गेलेला, आणि मागे एकच सपाट रंग. कव्हर झालं. फुलं, वेलबुट्टी, वीणा, मोरपीस, सतारीवर ठेवलेला गुलाब, यातलं काही नको.

मावळतीचा_मारवा

ओळखू येण्यासाठी नाव एकाच जागी, एकाच वळणात ठेवलं तरी पुरतं की. रंग बदलला तरी माणूस ओळखू येतो.

रेकॉर्डवेडा

जुनी ओळख असेल तर येतो. पहिल्या चार भेटीत तोच शर्ट घातलेला बरा.

खर्जातला_गिटारवाला

काळा-पांढरा फोटो आणि मागं सपाट पिवळा! हे मी उचलणार. गुलाबी मागं घेतो.

हरिपूरचा_संगम

'शारदा' लिहिणाऱ्या नाटककार गो. ब. देवलांच्या गावचा म्हणून हळदीबद्दल दोन शब्द. हळदीचा पिवळा म्हणजे नेमका कुठला? ओलं हळकुंड मोडलं तर आत जवळजवळ नारिंगी. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेलं हळकुंड बाहेरून फिकं. दळल्यावर तिसराच रंग. राजापुरी हळदीची पूड पांढऱ्या कागदावर पसरून तिचा रंग घ्या, फोटोवरून घेऊ नका. फोटोत बल्बचा पिवळा मिसळतो. दिवसा, खिडकीपाशी, सरळ ऊन न पडेल अशा जागी प्रेसचं रंगांचं पुस्तक पुडीशेजारी धरून जुळवा.

दुसरं म्हणजे पिवळा उन्हाला भितो. खरी हळद उन्हात उडते हे साडीवर डाग पडलेल्या प्रत्येकीला माहीत आहे, आणि छपाईतही साधारणपणे पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात. म्हणून चौकातली जुनी पोस्टरं निळी पडलेली दिसतात. अंक काचेच्या कपाटात उन्हाच्या बाजूला लावू नका, आणि पोस्टर काढलंत तर पिवळ्यावरचं अक्षर काळंच ठेवा म्हणजे जमीन उडाली तरी नाव उरेल.

शाईवाला

पूड जुळवायची कल्पना फार चांगली. चार रंगांतून सुरुवात करायला पिवळा १००, मॅजेंटा २५ च्या आसपास, सायन आणि काळा शून्य. मॅजेंटा चाळिशीकडे गेला की नारिंगी, मग दक्षिणद्वारांची आठी. सायनचा एखादा थेंब जरी आला तरी हिरवट, आजारी दिसतो.

कव्हरला मॅट लॅमिनेशन करणार असाल तर पिवळा किंचित मंद होईल. आणि पिवळी जमीन घेण्याचा एक फायदा कुणी बोललं नाही: घडीवर गडद रंगाची शाई तडकते आणि कण्यावर पांढरी रेघ उमटते. मरून, काळा, गडद निळा, सगळ्यांना हा रोग. पिवळ्यावर ती रेघ दिसत नाही. पाचशे अंक पाच हातांतून फिरायचे असतील तर हे छोटं नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, उशिरा आलो, पण प्रेसमधून आलोय.

सगळं वाचून गटाला बसवलं. कव्हर हळदीच्या जमिनीचं, वर काळा-पांढरा फोटो, नाव काळ्यात. आतली पानं काळ्या आणि तांबूस तपकिरी अशा दोन शायांत. म्हणजे पिवळा जमीन म्हणून आणि तांबूस अक्षर म्हणून, दोघांना आपापलं काम मिळालं. डिझाइनच्या मुलीनं स्वतःच निळा मागं घेतला, पण एक अट घातली, आणि ती रास्त आहे: कुठल्याही पानावर या दोन शायांपलीकडे तिसरं काही घुसवायचं नाही, जाहिरातीतसुद्धा नाही. जाहिरातदारांना तसं सांगणार आहोत. रंगीत जाहिरात हवी त्यांना कव्हरची आतली बाजू.

नमुना मॅपलिथोवर काढला. जवारी यांच्या आजोळहून पॉलिशचा हात दिलेला भोपळ्याचा तुकडा आणला होता, तो टेबलावर ठेवूनच शाई मिसळली. पहिला नमुना फार लाल आला, अगदी कुंकवाच्या वळणावर. मग थोडा काळा, थोडा पिवळा घालून दुसरा काढला तो बसला. झेरॉक्सची परीक्षाही पास. हळदीची पूड घेऊन गेलो तेव्हा मशीनवरचे मामा म्हणाले, "एवढं तर लग्नातबी कुणी बघत नाय."

ऋतूंची कल्पना टाकून दिलेली नाही. दुसऱ्या वर्षी आतला तांबूस बदलून बघू, कव्हर पिवळंच राहील. रेकॉर्डवेडा आणि मारवा, दोघांनी तोवर भांडण जिवंत ठेवा.

आता शेवटची अडचण. दोन्ही शाया सगळ्या पानांवर परवडत नाहीत. अंक मध्ये पिना मारलेला, सोळा पानांचे तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून घडी घातली की एक फर्मा). प्रेसवाले म्हणतात, दुसरा रंग एका फर्म्याला आणि तोही एकाच बाजूला दिला तर बजेटात बसतं. मग रंग कुठल्या पानांवर येणार?

शाईवाला

पिना मारलेल्या अंकात फर्मे एकात एक बसतात. बाहेरच्या फर्म्यात पहिली आठ आणि शेवटची आठ पानं येतात. त्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ४१, ४४, ४५, ४८ आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, ४२, ४३, ४६, ४७. कागदाच्या एकाच बाजूला घडीला लागून शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज ४९ आली (जसं १ आणि ४८) की समजा जुळलं. प्रेसच्या मशीनप्रमाणे मांडणी बदलू शकते, म्हणून कोऱ्या कागदाची घडी घालून, आकडे लिहून त्यांच्याकडून पक्कं करून घ्या.

माझं ऐकाल तर पहिली बाजू घ्या. पान १ वर नाव आणि अनुक्रमणिका रंगात येईल, ४-५ समोरासमोर आहेत तिथे मुख्य मुलाखत सुरू करा, शेवटी ४४-४५ वर बँडचं सदर.

खर्जातला_गिटारवाला

४४-४५ आमचं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कोमल_गांधार

आणि नोटेशन सगळ्यात आतल्या फर्म्यात, अंकाच्या बरोबर मध्यावर, २४-२५ वर. पिना तिथेच असतात, अंक सपाट उघडा राहतो, पेटीवर ठेवून दोन्ही हात मोकळे राहतात. रंग तिथे पोचणारच नाही.

कृष्णाकाठ

२४-२५ पक्कं. प्रुफं तपासायला येणार का ताई? टिंबं तुम्हीच बघावीत अशी इच्छा आहे.

कोमल_गांधार

येते. भिंग घेऊन येते.